संपर्क झाला नाही

सोमवार, ३ मार्च

आज डॉक्टरबाईंनी फेरतपासणीची वही माझ्या टेबलावरून उचलली आणि नव्यानं आलेल्या नर्सच्या, नवीच्या, टेबलावर नेऊन ठेवली. चार पावलांचं अंतर. म्हणाल्या, मोठ्या सिस्टर, नमुने घ्यायचं काम तुमच्याइतकं सफाईनं कुणाला जमत नाही, तुम्ही तेवढंच बघा, फोनबिन तिला करू दे. मी म्हटलं, बरंच झालं, डोक्याचा ताप गेला. घरी येईपर्यंत दात इतके आवळले होते की जेवताना जबडा दुखला.

एकोणीस वर्षं ती वही माझ्याकडे होती. बायका तपासणीला येतात, मी गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना घेते, आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो. ज्यांच्या पेशी बदललेल्या दिसतात त्यांची नावं वहीत चढतात आणि त्यांना दुर्बिणीच्या तपासणीला परत बोलवायचं असतं. हा कॅन्सर यायच्या आधी कितीतरी वर्षं चाहूल देतो. तेव्हाच गाठला तर अर्ध्या तासाचं काम. पण बायका परत येतील तर ना. तीन फोन करायचे, नाही आली तर नावापुढे लिहायचं, 'संपर्क झाला नाही'. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

नवीला येऊन पुरते तीन महिने झालेले नाहीत. एकोणतीस वर्षांची आहे. कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच.

शुक्रवार, ७ मार्च

नवी फोनवर काय बोलते ते ऐकलं. मुद्दाम नाही, शेजारचं कपाट आवरत होते. (कपाट कालच आवरलं होतं.) आधी विचारते, "आत्ता बोलायला मोकळ्या आहात ना? शेजारी कुणी असेल तर मी नंतर करते." मग त्या बाईचे गुडघे, तिच्या मुलीची परीक्षा, गळणारा नळ. तपासणीचं नाव दहाव्या मिनिटाला. तेवढ्यात माझे चार फोन झाले असते.

दुपारी माझं टेबल रिकामं असताना एक बाई बाकावर बसून राहिली. या, म्हटलं, तर म्हणाली, ताई मोकळ्या झाल्या की त्यांच्याकडे जाईन. मला सगळ्या सिस्टर म्हणतात. डॉक्टरबाईसुद्धा. हिला पहिल्या आठवड्यातच ताई झालं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी तीस वर्षं बस चालवली. म्हणाले, प्रवासी काय ड्रायव्हरचं तोंड बघून बसमध्ये चढतात होय, तू कशाला मनाला लावून घेतेस. म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

डॉक्टरबाईंनी फतवा काढलाय की महिनाभरात आपल्या सगळ्या कर्मचारी बायकांचीही तपासणी व्हायला हवी. कागदावर पहिलं नाव नवीचं. माझं बघू सवडीनं.

बुधवार, १२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत नवी डबा घेऊन मागच्या खोलीत गेली होती. तिच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला म्हणून मी उचलला. पडदेवाली होती. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून देते, एकटी कमावती बाई, पन्नाशीची. फेब्रुवारीत तिचा नमुना मीच घेतला होता. रिपोर्ट वाईट आहे, वरच्या पायरीचा बदल. नवीनं तिला एकदा फोनवर समजावलं होतं, मग तिचा नंबरच लागेनासा झाला.

म्हणाली, मोबाइल बिघडला, नंबर बदललाय, राहते तेही घर बदललंय. ताईंनी सांगितलेल्या तपासणीला यायला ती तयार आहे, फक्त त्यांनी एकदा फोन करावा. मी म्हटलं, मी देते ना वेळ, उद्याच या. 

"नको. ताईंनाच सांगा."

नंबर मी चिठ्ठीवर उतरवून घेतला.

चार वाजता चहाच्या वेळी डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, की वहीतल्या एकोणीस जणींपैकी तेरा जणींना नवीनं परत आणलं. आजवर असं कधी झालं नव्हतं म्हणे. आजवर म्हणजे माझ्या काळात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चिठ्ठी माझ्या एप्रनच्या खिशात होती. चहा झाल्यावर ती माझ्या खणात हातमोज्यांच्या खोक्याखाली ठेवली. उद्यापर्यंतच.

गुरुवार, १३ मार्च

आज मीच पडदेवालीला फोन केला. म्हटलं, हिला मीच आणून डॉक्टरबाईंपुढे उभी करते, मग वाजवा टाळ्या. माझा आवाज ऐकला आणि ती "राँग नंबर" म्हणून मोकळी झाली. राँग नंबर कसा असेल, मागे शिलाई मशीन चालू होतं.

म्हणजे बाईला मी नकोच आहे. मग मरू दे.

हे वरचं खोडणार होते. राहू दे. स्वतःच्या वहीत कशाला साजरं लिहायचं.

मंगळवार, १८ मार्च

नवीनं पडदेवालीच्या जुन्या नंबरावर आज चार वेळा फोन लावला. मग मला विचारलं, मोठ्या सिस्टर, अशा वेळी तुम्ही काय करायचात? मी म्हटलं, तीन फोन झाले ना, लिहून टाक, आपलं कर्तव्य संपलं. तिनं पेन उचललं आणि पुन्हा ठेवून दिलं.

सोमवार, २४ मार्च

काल रविवारची सुट्टी असताना नवी पडदेवालीच्या जुन्या पत्त्यावर जाऊन आली. घरात मुलगा-सून आहेत. म्हातारी वेगळी राहायला गेली, कुठे ते माहीत नाही, एवढं सांगून सुनेनं दार लावून घेतलं. चालून चालून नवीच्या टाचेला फोड आलाय. मीच तिला पट्टी लावून दिली. वाकून पट्टी लावताना वाटलं, सांगावं. तेवढ्यात कुणीतरी दारातून 'ताई' म्हणून हाक मारली आणि ती लंगडत लंगडत का होईना, लगेच गेली. मी पट्टीचा डबा बंद केला.

बुधवार, २ एप्रिल

कर्मचाऱ्यांच्या तपासण्या संपल्या. एक माझी सोडून. आज नवीनं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं की सध्या पाळी आहे. मग आठवलं, पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि हे सगळ्यांना माहीत आहे, त्या वेळी मी पंखा लावण्यावरून रोज भांडायचे. कुणी हसलं नाही. नवी म्हणाली, मग पुढच्या आठवड्यात बघू.

हसली असती तर बरं झालं असतं.

मला खरंच गरज नाही. मला काही होत नाही. अधूनमधून रक्ताचा एखादा डाग दिसतो, तो दगदगीमुळे.

बुधवार, ९ एप्रिल

चार आठवडे झाले. आता चिठ्ठी नवीच्या टेबलावर ठेवली तर ती विचारणार, एवढे दिवस कुठे होती. पहिल्या दिवशी दिली असती तर काहीच झालं नसतं. दुसऱ्या दिवशी 'विसरले' म्हणता आलं असतं. आता काय म्हणू? रोज खण उघडते, हातमोजे काढते आणि खोकं पुन्हा तिथेच ठेवते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. नवीनं नुसतं 'मोठ्या सिस्टर' म्हटलं तरी दचकायला होतं.

हे म्हणाले, हल्ली तू नळावरसुद्धा ओरडतेस.

बुधवार, १६ एप्रिल

पडदेवाली सापडली.

नवीला सुचलं, की नंबर बदलेल, घर बदलेल, पण बाई पडदे शिवायचं थोडीच सोडणार आहे. म्हणून ती आठवडाभर रोज काम सुटल्यावर पडद्याच्या कापडाची दुकानं पालथी घालत होती, तुमच्याकडचं शिवणकाम कोण करतं म्हणून विचारत. सहाव्या दुकानात पत्ता लागला. आज सकाळी दोघी रिक्षातून उतरल्या. डॉक्टरबाईंनी लगेच दुर्बिणीतून पाहिलं, त्यांचा चेहरा मी ओळखते, आणि तुकडा काढून तपासायला पाठवला.

मग त्यांनी पडदेवालीला विचारलं, इतके दिवस का आला नाहीत. ती म्हणाली, मी फोन केला होता, एका बाईंनी नंबरही लिहून घेतला. डॉक्टरबाईंनी आमच्याकडे पाहिलं. कुणी घेतला फोन? मी नमुना घ्यायच्या ब्रशची पाकिटं मोजत होते. मोजतच राहिले.

नवी म्हणाली, "माझ्याच टेबलावर ठेवली असणार चिठ्ठी. माझा पसारा असतो. हरवली असेल माझ्याकडून."

डॉक्टरबाई तिला बोलल्या. बऱ्याच बोलल्या, आणि पेशंटसमोर. चार महिने मी याच दिवसाची वाट बघत होते. आला तर त्यात काही गोडी नव्हती. उलट मनात आलं, आता चांगुलपणातही ही माझ्या पुढे गेली.

पण पसारा कसला? तिचं टेबल आरशासारखं लख्ख असतं. असं का म्हणाली, कळत नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सरच्या अगदी अलीकडची पायरी. पलीकडे गेलाय की नाही ते तेवढा भाग पुरता काढून तपासल्यावरच कळेल. मंगळवारी तेवढ्यापुरती भूल देऊन, विजेवर तापलेल्या तारेच्या फाशानं काढायचा.

नवीनं नेमकी मंगळवारची सुट्टी मागितली. आईला डोळे दाखवायला न्यायचंय म्हणे. ऐन वेळी अंग काढून घेणारी ती हीच. वर मला म्हणते, पडदेवालीजवळ तुम्ही उभ्या राहाल का? दुसरं कुणी नको, तुम्हीच.

मंगळवार, २९ एप्रिल

मला पाहिल्यावर पडदेवालीनं मान भिंतीकडे वळवली. डॉक्टरबाई हात धूत होत्या, नळाचा आवाज मोठा होता. खोलीत आम्ही दोघीच होतो म्हटलं तरी चालेल. सांगायचं असं ठरवून गेले नव्हते. पण ती हिरव्या चादरीखाली पाय वर बांधून पडलेली, आणि पायांत जाड मोजे, त्यातला एक अंगठ्यापाशी बारीक टाक्यांनी रफू केलेला.

"तो फोन मी घेतला होता," मी म्हटलं. "चिठ्ठी मी दाबून ठेवली."

"ठाऊक आहे. आवाज ओळखला होता मी."

तिनं का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते? की तुला ती हवी होती म्हणून?

भिंतीकडे बघतच ती बोलायला लागली. फेब्रुवारीत नमुना घेताना मी तिला म्हणाले होते, किती वास येतोय, जरा स्वच्छता ठेवत जा. दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर तिची सून बसली होती. त्या दिवसापासून सून तिच्या हातचं पाणी पिईना, नातवाला तिच्या मांडीवर देईना. मुलगा गप्प. पंधरा दिवस तिनं काढले, मग मशीन उचललं आणि भाड्याची खोली घेतली.

वास आजाराचा असतो. अंघोळीचा नसतो. हे मला त्या सुनेपेक्षा, त्या मुलापेक्षा जास्त माहीत आहे. एकोणीस वर्षं माहीत आहे.

आणि मला तिला असं म्हटल्याचं आठवतच नाही. खूप आठवून पाहिलं. आठवत नाही याचा अर्थ असा, की त्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी मी तसं आणखी किती जणींना म्हटलं असेन.

मग तिनं मान वळवून विचारलं, "तुम्ही स्वतःची करून घेतलीत का कधी ही तपासणी?"

"हो. दर तीन वर्षांनी."

"मग तुम्हाला माहीत असेल कसं वाटतं," ती म्हणाली. खोचकपणे नव्हे, साधं. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या.

मी हात पुढे केला होता, तिनं तो घेतला नाही, टेबलाची कड धरली. पुढे जळका वास आला तेव्हा घाबरून तिनं माझं मनगट पकडलं. मायेनं नाही, जे हाताशी आलं ते. वीस मिनिटं सोडलं नाही. आत्ता लिहितानाही तिथे चार बोटांच्या खुणा आहेत.

बुधवार, ७ मे

पडदेवालीचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला. सगळा भाग निघाला, कडा स्वच्छ आहेत, पलीकडे गेलेलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचं. तिला सांगायचा फोन नवीनंच केला. मी चार पावलांवर उभी राहून ऐकला, आज कपाट न आवरता.

मग डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, पाच आठवड्यांनी तिचं काही बिघडलं नाही. या वेळी. पुढचीचं काय, ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही नाही. यापुढे फोनला हात लावायचा नाही असं त्यांनी सांगितलं आणि ते लेखी दिलं. वरिष्ठांकडेही कळवणार आहेत. मग विचारलं, नवीला सांगितलंत का?

नवी मागच्या खोलीत डबा खात होती. सांगितलं. तिनं घास खाली ठेवला.

"मला माहीत होतं. रिक्षात त्यांनी आवाजाचं वर्णन केलं होतं."

"मग स्वतःवर का घेतलंस?"

म्हणाली, तेव्हा भांडत बसले असते तर पडदेवाली उठून चालती झाली असती, तिला त्या दिवशी टेबलावर घेणं जास्त महत्त्वाचं होतं. तुमच्यासाठी केलं नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता. अजून आहे. तुम्ही मला पट्टी लावून दिलीत, तेव्हा चिठ्ठी तुमच्याकडे होती.

हे बोलताना तिचा आवाज चिरकला, नाक लाल झालं, गोडबिड काही राहिलं नाही. आणि काय सांगू, इतक्या महिन्यांत मला ती पहिल्यांदा आवडली.

तिच्या आईच्या डोळ्यांचं विचारलं. ती गोंधळली, मग म्हणाली, बरे आहेत, बरेच आहेत.

शुक्रवार, ९ मे

जुनी वही मागून घेतली. फोन करायला बंदी आहे, वाचायला नाही. 'संपर्क झाला नाही', माझ्या अक्षरात, दोनशे अकरा वेळा. काही नावांवर बोट ठेवलं की चेहरा डोळ्यांपुढे येतो. बहुतेकांवर नाही येत. नवीला म्हटलं, ज्या आठवतात त्यांच्याबद्दल मी सांगत जाईन, कोण कुठे कामाला होती, कुणाची बहीण कुठे राहते. तू शोध. ती म्हणाली, बसा.

तीन नावं झाल्यावर तिनं विचारलं, आणि तुमचं?

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हेच तर मी करत आलेय. म्हटलं, आज करून टाक.

त्या टेबलावर मी हजारो बायका झोपवल्या. वरच्या छताला एक पापुद्रा सुटलाय हे मला माहीत नव्हतं. पाय वर घेतले आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. 'अंग सैल सोडा' असं मी एकोणीस वर्षं म्हणत आलेय. ते सोडायचं कसं, ते मला माहीत नव्हतं.  सगळं होईपर्यंत नवी पुढे काय करणार ते आधी सांगत गेली, जसं काही मी यातलं काहीच जाणत नाही. डाग दिसतो का विचारलं. या वेळी खरं सांगितलं.

सोमवार, १९ मे

सहा वाजता घरी फोन आला. मी भाजी निवडत होते.

"मोठ्या सिस्टर, आत्ता बोलायला मोकळ्या आहात ना? शेजारी कुणी आहे?"

अख्खा दिवस आम्ही एका खोलीत होतो. रिपोर्ट दुपारीच आला होता म्हणे. मग तेव्हाच का नाही बोललीस, म्हटलं. "तिथे सगळ्या होत्या," ती म्हणाली.

पेशींत बदल आहे. पडदेवालीइतका नाही, पण आहे. आणि पाळी गेल्यावर डाग दिसतो म्हणजे आणखीही बघावं लागणार. गुरुवारी दुर्बिणीची तपासणी. यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे, मीच शेकडो जणींना एका दमात सांगितलाय. तरी तिनं तो मला सावकाश सांगितला आणि मी सांगू दिला. मधेच थांबून विचारलं, ऐकताय ना. ऐकत होते. खाली फरशीवर बसले होते, आणि खरं लिहायचं तर तेव्हासुद्धा आत कुठेतरी जळलं. मला हे कधी जमलं नाही. साधं एक वाक्य आहे, मोकळ्या आहात का. कुणी अडवलं होतं मला?

शेवटी तिनं विचारलं, त्या दिवशी आत तुमच्याजवळ कोण असलेलं आवडेल? मी म्हटलं, उद्या सांगते.

ह्यांनी विचारलं, कुणाचा फोन. कामाचा, म्हणणार होते. पण ह्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. ह्यांनी भाजीची परात स्वतःकडे ओढली आणि निवडायला लागले, देठ टाकायचे आणि पानं ठेवायची तर उलटंच करत होते. म्हणाले, गुरुवारी मी येतो. म्हटलं, बाहेर बायकांच्या बाकावर बसावं लागेल, अवघडल्यासारखं होईल तुम्हाला. म्हणाले, होऊ दे.

मग मी उठले, तिला परत फोन लावला आणि म्हटलं, तूच ये.